फेम्टोसेकंदाचे क्ष-किरण: लेसर आणि इलेक्ट्रॉन समोरासमोर आणताना

"आपला लेसर ३० फेम्टोसेकंदांचा आहे, म्हणजे त्यातून मिळणारे क्ष-किरणही ३० फेम्टोसेकंदांचेच असणार ना?" हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी नवा विद्यार्थी विचारतोच. (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग.) उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं. लेसरच्या डब्यावर लिहिलेला आकडा वेगळा आणि शेवटी हातात पडणाऱ्या क्ष-किरणांच्या पल्सची, म्हणजे क्षणिक झोताची, लांबी वेगळी. ती लांबी ठरते लेसर आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना कोणत्या कोनात भेटतात यावरून. खाली जे सांगतो आहे ते या एका प्रश्नाभोवतीच फिरतं. सोबत कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर घ्या, कारण आपण एक स्रोत कागदावर पुरता बांधणार आहोत.

कल्पना सोपी आहे. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनवर समोरून लेसर सोडायचा. इलेक्ट्रॉनला तो प्रकाश आखडलेला दिसतो, त्याची तरंगलांबी सुमारे २ गॅमा पटीने कमी झालेली असते. तो प्रकाश इलेक्ट्रॉन विखुरतो. आपण समोर उभे राहून पाहिलं, की विखुरलेला प्रकाश आणखी २ गॅमा पटीने आखडलेला मिळतो. एकूण ४ गॅमा वर्ग. गॅमा म्हणजे इलेक्ट्रॉनची एकूण ऊर्जा भागिले ०.५११ एमईव्ही (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट; केईव्ही म्हणजे हजार, जीईव्ही म्हणजे अब्ज). याला थॉमसन विकिरण म्हणतात, आणि इलेक्ट्रॉनला बसणारा धक्का जमेस धरावा लागला की व्यस्त कॉम्प्टन. आपल्या आकड्यांत तो धक्का नगण्य आहे.

लेसर-प्रकाश असा उलट विखुरता येईल हे गणित १९६३ मध्येच मांडलं गेलं होतं. पण लेसर तितका दणकट नव्हता. १९८५ मध्ये स्ट्रिकलंड आणि मुरू यांनी पल्स आधी ताणून, मग वर्धित करून, शेवटी पुन्हा दाबण्याची युक्ती काढली. तिला २०१८ चं नोबेल मिळालं आणि टेबलावर मावणारे टेरावॅटचे (लाख कोटी वॉटचे) लेसर शक्य झाले. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे ५० एमईव्हीचे इलेक्ट्रॉन आणि काटकोनात सोडलेला लेसर वापरून सुमारे ३०० फेम्टोसेकंदांची, ३० केईव्हीची क्ष-किरण पल्स मिळाली. तो प्रयोग मी या लेखात पुन्हा पुन्हा काढणार आहे, कारण त्याची भूमिती अभ्यासण्यासारखी आहे.

पहिली पायरी: कोणती तरंगलांबी हवी ते ठरवा

अणूंमधलं अंतर एक-दोन अँगस्ट्रॉम असतं (१ अँगस्ट्रॉम म्हणजे ०.१ नॅनोमीटर). स्फटिकातले अणू हलताना पाहायचे तर १ अँगस्ट्रॉमचे क्ष-किरण सोयीचे, म्हणजे १२.४ केईव्ही. लेसर टायटेनियम-सफायरचा, ८०० नॅनोमीटरचा. त्याचा एक फोटॉन १.५५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. ८०० नॅनोमीटरवरून ०.१ नॅनोमीटरवर यायचं म्हणजे ८००० पट. ४ गॅमा वर्ग बरोबर ८०००, म्हणून गॅमा ४४.७. इलेक्ट्रॉनची ऊर्जा निघाली सुमारे २३ एमईव्ही.

हा आकडा किती छोटा आहे ते कळण्यासाठी तुलना करा. तीच तरंगलांबी इलेक्ट्रॉनांना डुलवणाऱ्या, २ सेंटिमीटर आवर्तनाच्या चुंबकांच्या रांगेतून काढायची तर इलेक्ट्रॉन ५ जीईव्हीच्या आसपासचे लागतात. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातलं इंडस-२ हे १७२ मीटर परिघाचं वलयसुद्धा २.५ जीईव्हीचं आहे. लेसर म्हणजे ०.४ मायक्रॉन (त्याच्या तरंगलांबीच्या निम्म्या) आवर्तनाची चुंबकांची रांगच समजा, म्हणून २३ एमईव्हीत भागतं. इलेक्ट्रॉनांना वेग देणारा अख्खा त्वरक एका मोठ्या खोलीत बसतो. भिंती मात्र जाड लागतात.

कोन बदलला की गुणक बदलतो: २ × गॅमा वर्ग × (१ वजा कोसाइन). समोरासमोर म्हणजे १८० अंशांना तो ४ गॅमा वर्ग, काटकोनात २ गॅमा वर्ग, आणि मागून पाठलाग केला तर शून्य. बर्कलीचा आकडा पडताळून पाहा: ५० एमईव्हीला गॅमा ९८ ते ९९, वर्ग साधारण ९७००, त्याची दुप्पट गुणिले १.५५. उत्तर ३० केईव्ही. जुळलं.

दुसरी पायरी: घड्याळ कुणाच्या हातात द्यायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

समोरासमोरच्या टकरीत इलेक्ट्रॉन आणि त्यांनी सोडलेले क्ष-किरण एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने पुढे जातात. इलेक्ट्रॉनांच्या घोळक्याच्या, म्हणजे बंचच्या, पुढच्या टोकाच्या इलेक्ट्रॉनचे क्ष-किरण पुढे, शेपटीतल्याचे मागे. म्हणजे क्ष-किरणांची पल्स ही इलेक्ट्रॉनांच्या बंचची हुबेहूब छाया असते. बंच २ पिकोसेकंदांचा (२००० फेम्टोसेकंदांचा) असेल तर क्ष-किरणही २ पिकोसेकंदांचे, मग लेसर ३० फेम्टोसेकंदांचा असो की ३ पिकोसेकंदांचा. लेसर दाबून दाबून छोटा करण्यावर खर्च केलेला पैसा इथे पाण्यात.

काटकोनात गोष्ट उलटी होते. लेसर बंचला आडवा कापत जातो आणि त्याचा एक पातळ काप तेवढा उजळतो, सुरीने केकचा काप काढावा तसा. क्ष-किरणांची लांबी मग तीन गोष्टींवरून ठरते: लेसरची स्वतःची लांबी, बंचची आडवी रुंदी ओलांडायला प्रकाशाला लागणारा वेळ आणि लेसरच्या फोकसची रुंदी ओलांडायला लागणारा वेळ. तिन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. १ फेम्टोसेकंदात प्रकाश ०.३ मायक्रॉन जातो. बर्कलीत इलेक्ट्रॉनांचा ठिपका ९० मायक्रॉनचा होता, आणि ९० मायक्रॉन ओलांडायला लागतात ३०० फेम्टोसेकंद. त्यांचा लेसर याहून छोटाच होता. अडलं ते ठिपक्याच्या आकारावर. तुम्ही दोन्ही ठिपके १० मायक्रॉनवर आणलेत आणि लेसर ३० फेम्टोसेकंदांचा ठेवलात, तर ३३, ३३ आणि ३० यांच्यातून साधारण ५६ फेम्टोसेकंद मिळतील.

मग सगळे काटकोनच का वापरत नाहीत? कारण बंच २० पिकोसेकंदांचा असेल आणि काप ३०० फेम्टोसेकंदांचा, तर शंभरातले जेमतेम दीड इलेक्ट्रॉन कामी आले. बाकीचे नुसतेच धावले. फोटॉनांची उपासमार ही या भूमितीची कायमची तक्रार.

पण एक फायदा पुस्तकं पटकन सांगत नाहीत. काटकोनात कोणता काप उजळायचा हे लेसर ठरवतो, त्यामुळे क्ष-किरण लेसरच्या घड्याळाशी बांधलेले राहतात. बंच पिकोसेकंदभर उशिरा आला तरी वेगळा काप उजळेल एवढंच. क्ष-किरण नमुन्यावर वेळेतच पोचतील. समोरासमोर मात्र क्ष-किरण बंचच्या घड्याळाने येतात, आणि त्वरकाचं घड्याळ थरथरतं. नमुना लेसरने उत्तेजित करून क्ष-किरणांनी टिपायचा असेल, तर तुमच्या प्रयोगाची खरी अचूकता ही थरथर ठरवते.

माझं मत असं: फक्त चित्र घ्यायचं असेल तर समोरासमोर जा. अणूंची हालचाल वेळेनुसार मोजायची असेल आणि बंच छोटा करणं जमत नसेल, तर काटकोन घ्या आणि फोटॉन कमी मिळतात म्हणून रडू नका.

पुढचा हिशेब समोरासमोरचा करू. 'समोरासमोर' म्हणताना खरं तर ५ अंश तिरकं ठेवा. गुणक ४ ऐवजी ३.९९ होतो, म्हणजे काही बिघडत नाही. पण टकरीनंतरचा लेसर थेट इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या गनच्या तोंडात घुसत नाही.

तिसरी पायरी: बंच

लेसरचाच थोडा प्रकाश तिप्पट वारंवारतेवर, म्हणजे २६७ नॅनोमीटरच्या अतिनीलावर न्या आणि तांब्याच्या कॅथोडवर टाका. इलेक्ट्रॉन आणि टक्कर देणारा लेसर एकाच आंदोलकातून (ठरावीक तालात पल्स सोडणाऱ्या मूळ लेसरातून) जन्मले, की वेळ जुळवण्याचं अर्धं काम झालं.

बंचमध्ये १०० पिकोकूलॉम धरा, म्हणजे ६२ कोटी इलेक्ट्रॉन. हाव धरून दहापट, म्हणजे नॅनोकूलॉमवर गेलात तर इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलून बंच फुगवतील, लांबीलाही आणि रुंदीलाही. दाबून लहान करायला चुंबकांची वळणं लागतात, आणि कमी ऊर्जेला तेही अवघड जातं.

बंचची गुणवत्ता एमिटन्स नावाच्या आकड्यात मोजतात: ठिपक्याचा आकार गुणिले इलेक्ट्रॉनांच्या दिशांची पांगापांग. चांगल्या गनला तो, सामान्यीकृत (गॅमाने गुणलेला), १ मायक्रॉनच्या घरात असतो. आता एक सुरेख सोपं सूत्र: एमिटन्स भागिले ठिपक्याचा आकार, या भागाकाराचा वर्ग म्हणजे क्ष-किरणांच्या ऊर्जेत येणारा फैलाव. १ मायक्रॉन आणि १० मायक्रॉन असेल तर १ टक्का. ठिपका ५ मायक्रॉनवर आणलात तर ४ टक्के. घट्ट फोकस करणं फुकट नसतं. शिवाय इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत जेवढे टक्के फैलाव, त्याच्या दुप्पट क्ष-किरणांत, कारण गॅमाचा वर्ग आहे.

चौथी पायरी: लेसर किती तीव्र?

"तीव्र लेसर" म्हटलं की वाटतं जेवढा तीव्र तेवढा चांगला. इथे तसं नाही. लेसरचं क्षेत्र फार वाढलं की इलेक्ट्रॉन जोरात डुलायला लागतो, त्याची पुढची चाल मंदावते आणि क्ष-किरणांची ऊर्जा घसरते. ही डुलण्याची ताकद ए-शून्य या आकड्यात मोजतात. ८०० नॅनोमीटरला ए-शून्य म्हणजे ०.६८ गुणिले तीव्रतेचं वर्गमूळ, तीव्रता १० परार्ध वॉट दर चौरस सेंटिमीटर या एककात घेऊन. लहानपणी एकं, दहं, शतं म्हणत परार्धापर्यंत पाठ केलं होतं, ते १ वर १७ शून्यं. त्याचा उपयोग आयुष्यात एवढ्या एकाच ठिकाणी झाला.

ए-शून्य ०.३ वर थांबू. तीव्रता येते सुमारे २ परार्ध वॉट. ऊर्जेतली घसरण म्हणजे ए-शून्याच्या वर्गाचा अर्धा भाग, साडेचार टक्के. १२.४ चे ११.९ केईव्ही झाले. पल्सच्या मध्यावर घसरण जास्त आणि कडांना कमी असल्यामुळे हा आकडा फैलावातही भर घालतो.

फोकसची त्रिज्या १५ मायक्रॉन घेतली तर या तीव्रतेला लागणारी शक्ती ०.७ टेरावॅट. लेसर १०० फेम्टोसेकंदांचा ठेवलात तर ऊर्जा फक्त ७० मिलिज्यूल वापरता येईल. तोच ताणून १ पिकोसेकंद केलात तर ०.७ ज्यूल, म्हणजे त्याच तीव्रतेत दहापट फोटॉन! समोरासमोर घड्याळ बंचच्या हाती असल्यामुळे ताणल्याने काही जात नाही. पल्स दाबणारी यंत्रणा मुद्दाम अर्धवट उघडी ठेवायची. लेसरवाल्या सहकाऱ्यांना हे सांगताना थोडं जपून. त्यांनी ती पल्स छोटी करायला महिने घातलेले असतात.

मर्यादा एवढीच की फोकस जिथपर्यंत घट्ट राहतो ते अंतर, इथे ०.९ मिलिमीटर, पल्सच्या लांबीपेक्षा मोठं हवं. १ पिकोसेकंद म्हणजे ०.३ मिलिमीटर. बसतं.

पाचवी पायरी: फोटॉन मोजा

०.७ ज्यूलमध्ये २८ परार्ध फोटॉन. इलेक्ट्रॉन ६२ कोटी. या दोन्हींचा गुणाकार करा, त्याला थॉमसन काटछेदाने (फोटॉनला एक इलेक्ट्रॉन केवढं लक्ष्य दिसतो त्या क्षेत्रफळाने) गुणा, तो ६.६५ भागिले १ वर २५ शून्यं, चौरस सेंटिमीटर. मग दोन ठिपक्यांच्या सामायिक क्षेत्राने भागा. इलेक्ट्रॉनांचा ठिपका १० मायक्रॉन आणि लेसरचा, त्याच मापात (म्हणजे त्रिज्येच्या निम्मा), ७.५ मायक्रॉन; वर्गांची बेरीज १५६, गुणिले २ पाय (π). उत्तर: एका टकरीत सुमारे १२ कोटी क्ष-किरण फोटॉन. पाच इलेक्ट्रॉनांमागे एक. त्यातले १ टक्का ऊर्जापट्ट्यातले हवे असतील तर वीसेक लाख उरतील.

हा हिशेब दोन्ही ठिपके एकमेकांवर अचूक बसले असं धरून आहे. ते आपोआप बसत नाहीत.

सहावी पायरी: भेट घडवणं

आधी जागा, मग वेळ. टकरीच्या बिंदूवर इलेक्ट्रॉन आदळले की चमकणारा, यॅग नावाच्या स्फटिकाचा पातळ पडदा ४५ अंशांत सरकवा. त्यावर इलेक्ट्रॉनांचा ठिपका दिसतो. लेसर फिल्टर लावून लाखपटीने मंद करा आणि त्याच कॅमेऱ्यावर त्याचा ठिपका आणा. मग पडदा काढून १० मायक्रॉनची टंगस्टनची तार आडवी-उभी फिरवून दोन्हींचे आकार मोजा. कॅमेरा किरणोत्सर्गाने हळूहळू आंधळा होतो. चित्रात पांढरे ठिपके वाढायला लागले की समजायचं. म्हणून तो आरसा लावून बाजूला, शिशाच्या आड ठेवा.

आता वेळ. त्वरकाची वारंवारता २८५६ मेगाहर्ट्झ असेल तर तिच्या कलेतला (फेजमधला) एक अंश म्हणजे जवळपास १ पिकोसेकंद. लेसरचा आंदोलक तिच्या छत्तिसाव्या भागावर, ७९.३३ मेगाहर्ट्झवर कुलूपबंद करतात, म्हणजे दर १२.६ नॅनोसेकंदांनी एक पल्स. त्यातली एक निवडून वर्धित केली जाते.

मी उमेदवारी करत होतो त्या प्रयोगशाळेत आम्ही इथेच तीन रात्री घालवल्या. सगळं जुळलेलं दिसत होतं: ठिपके एकावर एक, ऑसिलोस्कोपवर दोन्ही खुणा एका रेषेत. सिग्नल मात्र शून्य. चौथ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की लेसरच्या फोटोडायोडची केबल मध्येच बदलली गेली होती आणि नवी अडीच मीटर जास्त लांब होती. केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे ५ नॅनोसेकंद लागतात. अडीच मीटर म्हणजे साडेबारा, म्हणजे बरोबर एका पल्सचा फरक. आम्ही इमानदारीने शेजारची पल्स निवडत होतो. इलेक्ट्रॉन येत तेव्हा लेसर पावणेचार मीटर दूर असे.

तेव्हापासूनचा माझा नियम: लेसर आणि इलेक्ट्रॉन दोन्ही दिसतील असा एकच डिटेक्टर, एकाच केबलवर, टकरीच्या बिंदूपाशी. इलेक्ट्रॉन पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून गेले की प्रकाश देतात. तो आणि लेसरची चुकार किरणं एकाच फोटोडायोडवर पाडा. यातून शंभरेक पिकोसेकंदांपर्यंत याल. मग स्ट्रीक कॅमेरा, म्हणजे प्रकाश कधी आला ते पडद्यावर रेघेसारखं पसरून दाखवणारा कॅमेरा; तो एक-दोन पिकोसेकंदांवर आणतो. शेवटचं काम विलंब-पट्टी (लेसरची वाट कमी-जास्त लांब करणारी सरकपट्टी) सरकवत, खुद्द क्ष-किरण पाहत करायचं. समोरासमोर १ पिकोसेकंदाची चूक भेटीचा बिंदू दीडशे मायक्रॉन सरकवते, फोकस ०.९ मिलिमीटर टिकतो, म्हणून चालून जातं.

सातवी पायरी: दिसतंय ते खरं का?

टकरीनंतर इलेक्ट्रॉन चुंबकाने वळवून शिसं आणि काँक्रीटच्या डंपमध्ये, म्हणजे त्यांना जिरवणाऱ्या ठोकळ्यात, पुरा. क्ष-किरण सरळ बेरिलियमच्या खिडकीतून बाहेर येतील. लेसर आत आणणाऱ्या आरशाला मध्ये भोक असलं तर उत्तम.

डिटेक्टरवर काहीतरी चमकेल. लगेच पेढे वाटू नका. बंचच्या कडेचे इलेक्ट्रॉन नळीला घासले तरी क्ष-किरण निघतात, आणि तेच बहुधा जास्त असतात. फक्त इलेक्ट्रॉन, फक्त लेसर, दोन्ही, अशा नोंदी घ्या. मग दोन्ही चालू ठेवून लेसर शंभर पिकोसेकंद पुढे ढकला. सिग्नल गेला पाहिजे. या चौथ्या नोंदीशिवाय मी कुणाचाही दावा मानत नाही.

पक्की खूण हवी तर २५ मायक्रॉनचा तांब्याचा पत्रा वाटेत धरा. तांबं ८.९८ केईव्हीच्या वरचे क्ष-किरण कसून गिळतं, त्याच्या जरा खालचे बरेच जाऊ देतं. आपल्या क्ष-किरणांची ऊर्जा मध्यावर जास्तीत जास्त, आणि बाहेर जाताना घटत जाते. १ भागिले गॅमा कोनाला, इथे २२ मिलिरेडियनला, ती निम्मी होते. म्हणून १ मीटरवरच्या डिटेक्टरवर मध्ये साधारण १३ मिलिमीटर त्रिज्येची काळी तबकडी आणि भोवती उजळ कडं दिसतं. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा थोडी वाढवा, तबकडी मोठी होईल. नळीला घासून निघालेल्या क्ष-किरणांना असं वागता येत नाही.

हे सगळं भारतात करायचं तर अणुऊर्जा नियामक मंडळाची, एईआरबीची परवानगी आधी, यंत्र नंतर. छातीवर किरणोत्सर्गाची मात्रा नोंदणारा टीएलडी बिल्ला, दारांना इंटरलॉक, आणि आत कुणी नाही हे फिरून पाहून बटण दाबण्याची शिस्त. २३ एमईव्ही जगाच्या हिशेबात छोटे, माणसाला पुष्कळ. मंद केलेला लेसरही डोळ्याला मंद नसतो, आणि ८०० नॅनोमीटर डोळ्यांना जेमतेम दिसतो.

बंचच छोटा करता आला तर?

मग सगळ्या तडजोडी संपतात. १९७९ मध्ये ताजिमा आणि डॉसन यांनी सुचवलं की तीव्र लेसर वायूतून सोडला तर त्याच्या मागे उठणाऱ्या प्लाझ्माच्या लाटेवर इलेक्ट्रॉन स्वार होतील. २००४ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि फ्रान्समधल्या तीन गटांनी असे नेटके बंच मिळवले. हे बंच काही फेम्टोसेकंदांचेच असतात, त्यामुळे समोरासमोर टक्कर देऊनही क्ष-किरण तितकेच छोटे. लागतो मात्र दहा-वीस टेरावॅटच्या वरचा लेसर. आपल्याकडे कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आणि इंदूरला या वर्गातले लेसर आहेत.

२०१२ मध्ये फ्रान्समधल्या गटाने एक झकास युक्ती केली. वायूच्या फवाऱ्यामागे पातळ पत्रा ठेवला. लेसर इलेक्ट्रॉनांना ओढत आला, पत्र्यावर आपटला, पत्र्याचा क्षणात प्लाझ्मा झाला आणि त्या प्लाझ्माने आरशासारखा लेसर उलटा फिरवला. मागून येणारे इलेक्ट्रॉन त्याला समोरून भिडले. जागा जुळवायची नाही, वेळ जुळवायची नाही; सहावी पायरी गायबच! किंमत अशी की प्रत्येक शॉटला पत्रा नवा, आणि उलटा फिरलेला लेसर आपल्याच वर्धकात शिरू नये म्हणून चोख बंदोबस्त.

दोन किरणांची जुनी पद्धत वापरत असाल, तर सिग्नल मिळाल्या मिळाल्या विलंब-पट्टीवरचा आकडा वहीत लिहा, आणि शेजारी खोलीचं तापमानही. दोन वाटांच्या लांबीत १० मीटरचा फरक पोलादी टेबलावर असेल, तर तापमान एका अंशाने वाढलं की ती वाट १२० मायक्रॉन वाढते. म्हणजे ४०० फेम्टोसेकंद. रात्री कुणी एसी कमी-जास्त केला, तर सकाळी कालचा आकडा निरुपयोगी. पहिला स्कॅन पुन्हा शून्यापासून.